‘लाम्बाडा’वर सगळं जग नाचलं, पण गाणं बोलिव्हियाच्या दोन भावांचं होतं!

रील्स बघताना जेनिफर लोपेझचं ‘ऑन द फ्लोअर’ कधी ना कधी तुमच्या कानावर पडलंच असेल. २०११ सालचं गाणं, सोबतीला पिटबुल. त्यात मध्येच एक धून येते, जी एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही.

आता एक प्रयोग करा. ती धून घरातल्या पन्नाशीच्या आसपासच्या कुणाला तरी ऐकवा. मामा, काका, आत्या, कुणीही चालेल. बहुतेक दोनपैकी एक उत्तर मिळेल. पहिलं, “अरे, हे तर सनी देओलच्या ‘घायल’मधलं गाणं!” आणि दुसरं, “हे तर लाम्बाडा! आमच्या वेळी काय धुमाकूळ घातला होता या गाण्याने.”

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण दोन्ही अर्धीच. कारण ही धून जेनिफर लोपेझची नाही, बप्पी लाहिरींची नाही आणि ज्यांनी ‘लाम्बाडा’ जगभर विकलं त्या फ्रेंच निर्मात्यांचीही नाही. ती आहे बोलिव्हिया नावाच्या, समुद्रकिनारा नसलेल्या, डोंगराळ देशातल्या दोन भावांची. मूळ गाणं स्पॅनिश भाषेतलं आहे आणि त्याचा नाचण्याशी फारसा संबंध नाही. ते चक्क रडण्याचं गाणं आहे.

मग हे रडगाणं जगातलं सगळ्यात गाजलेलं पार्टी साँग कसं झालं? आणि मूळ मालकांचं नाव त्यातून गायब कसं झालं?

कोचाबांबाचे एरमोसा बंधू

बोलिव्हियामध्ये कोचाबांबा नावाचा प्रांत आहे. तिथल्या एरमोसा कुटुंबातल्या भावांनी १९७१ साली ‘लोस कारकास’ नावाचा वाद्यवृंद सुरू केला. अँडीज पर्वतरांगांमधली पारंपरिक वाद्यं घ्यायची आणि त्यावर नवीन गाणी रचायची, असा त्यांचा बेत.

ही वाद्यं कोणती? एक असतं चारांगो, म्हणजे छोट्या गिटारसारखं दहा तारांचं वाद्य. पूर्वी त्याचा मागचा भाग आर्माडिलो या प्राण्याच्या कवचापासून बनवत. दुसरं सांपोन्या, म्हणजे कमी-जास्त लांबीच्या नळ्या एका ओळीत बांधून केलेला पावा. शिवाय केना नावाची बासरी आणि बोम्बो नावाचा मोठा ढोल.

१९८१ साली या वाद्यवृंदाने एक गाणं रेकॉर्ड केलं. नाव ‘योरांदो से फुए’. गाणं रचलं होतं गोन्सालो आणि उलिसेस या एरमोसा बंधूंनी.

या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर थोडी अडचण होते. ‘रडत निघून गेली’ म्हणायचं की ‘रडत निघून गेला’? आपल्याला क्रियापदातच लिंग सांगावं लागतं. स्पॅनिशमध्ये ते सांगावं लागत नाही. त्यामुळे नुसत्या नावावरून कोण गेलं ते कळतच नाही. कुणीतरी रडत निघून गेलं आणि मागे राहिलेला माणूस त्या प्रेमाची आठवण काढतोय, एवढाच गाण्याचा विषय.

लोस कारकासचं मूळ रेकॉर्डिंग आजही यूट्यूबवर मिळतं. ते ऐकलं तर धक्का बसतो. धून तीच, पण पाव्यावर वाजणारी, संथ आणि उदास. आपल्याला माहीत असलेल्या ‘लाम्बाडा’चा मूड त्यात कुठेच नाही.

रडगाण्यावर पाय थिरकायला कधी लागले?

गाणं बोलिव्हियात गाजलं आणि शेजारच्या देशांत पोहोचलं. इथून त्याचा प्रवास मोठा मजेशीर आहे.

पहिला थांबा पेरू. १९८४ साली तिथल्या ‘क्वार्तेतो कॉन्तिनेन्ताल’ या वाद्यवृंदाने हे गाणं कुम्बिया प्रकारात वाजवलं. कुम्बिया म्हणजे लॅटिन अमेरिकेतला नाचाचा ठेका. त्यांनी गाण्याची लय वाढवली आणि पाव्याच्या जागी अकॉर्डियन आणलं. आज आपल्याला ‘लाम्बाडा’ म्हटलं की जे अकॉर्डियन आठवतं, ते इथे पहिल्यांदा आलं.

दुसरा थांबा ब्राझील. तिथे स्पॅनिश नाही, पोर्तुगीज बोलतात. १९८६ साली मार्सिया फेरेरा या गायिकेने जोसे आरी यांच्यासोबत गाण्याचं पोर्तुगीज रूपांतर केलं. नाव ‘शोरांदो सी फोय’, अर्थ तोच. विशेष म्हणजे हे रूपांतर रीतसर परवानगी घेऊन केलेलं होतं.

म्हणजे १९८६ पर्यंत सगळं ठीक चाललं होतं. गाणं एका देशातून दुसऱ्या देशात जात होतं, प्रत्येक जण आपली भर घालत होता आणि मूळ रचनाकार कोण हे ठाऊक होतं.

लाम्बाडा म्हणजे नेमकं काय?

इथे एक खुलासा. आपल्याकडे लंबाडा किंवा लंबाडी म्हटलं की बंजारा समाज आठवतो. त्याचा या नाचाशी काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं.

ब्राझीलच्या उत्तरेला, ॲमेझॉनच्या मुखाशी पारा नावाचं राज्य आहे. १९७०च्या दशकात तिथे स्थानिक आणि कॅरिबियन ठेक्यांच्या मिश्रणातून लाम्बाडा हा संगीतप्रकार तयार झाला. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ होतो सणसणीत फटका. पुढे हे संगीत आणि त्यावरचा जोडीने करायचा नाच बाहिया राज्यातल्या पोर्टो सेगुरो या समुद्रकाठच्या पर्यटनस्थळी पोहोचला. एकमेकांना अगदी खेटून, कमरेला झोके देत नाचायची पद्धत पाहून पर्यटक थक्क व्हायचे.

थोडक्यात, लाम्बाडा हे एका गाण्याचं नाव नव्हतंच. तो गाण्यांचा आणि नाचाचा प्रकार होता. जसं आपण ‘लावणी’ म्हणतो, तसं. उद्या कुणी एकच लावणी उचलून परदेशात नेली आणि तिचं नावच ‘लावणी’ ठेवून विकली तर कसं वाटेल? तसंच काहीसं पुढे झालं.

दोन फ्रेंच माणसं आणि एक बनावट नाव

१९८८ साली ओलिव्हिए लोर्साक आणि जाँ काराकोस हे दोन फ्रेंच निर्माते पोर्टो सेगुरोच्या या नाचाच्या प्रेमात पडले. या प्रकरणात पैसा आहे, हे त्यांनी लगेच ओळखलं. त्यांनी ब्राझीलमधल्या अनेक लाम्बाडा गाण्यांचे हक्क विकत घेतले. पॅरिसला परत जाऊन ‘काओमा’ नावाचा बँड उभा केला. त्यात काही आफ्रिकी वादक होते आणि गायिका म्हणून होती ब्राझीलची लोआल्वा ब्राझ.

बँडचं पहिलं गाणं ठरलं ‘लाम्बाडा’. चाल एरमोसा बंधूंची, पोर्तुगीज शब्द मार्सिया फेरेराच्या आवृत्तीतले, अकॉर्डियनचा बाज पेरूच्या वादकांचा.

आणि रचनाकार म्हणून छापलेलं नाव? चिको दे ओलिव्हेरा.

हा चिको कोण? तर कुणीच नाही. ते खुद्द लोर्साकचं टोपणनाव होतं! फ्रान्समध्ये गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची नोंद ठेवणारी ‘सासेम’ नावाची संस्था आहे. तिथेही गाणं याच नावावर नोंदवलं गेलं. म्हणजे जगात कुठेही हे गाणं वाजलं की रचनाकाराचे पैसे या न जन्मलेल्या चिकोच्या खात्यात.

१९८९चा उन्हाळा

पुढे जे झालं त्याला आजच्या भाषेत ‘व्हायरल’ म्हणतात. फरक एवढाच की तेव्हा इंटरनेट नव्हतं. काम केलं टीव्हीने. फ्रान्समधल्या टीएफ१ या मोठ्या वाहिनीवर व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला गेला. ओरांजिना या शीतपेयाच्या कंपनीने साथ दिली. ब्राझीलच्या किनाऱ्यावर चित्रित झालेल्या त्या व्हिडिओत नाचणारी दोन लहान मुलं, चिको आणि रॉबर्टा, रातोरात प्रसिद्ध झाली.

फ्रान्समध्ये गाणं सलग १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. युरोपातल्या अनेक देशांत तेच चित्र. जगभरात सुमारे ५० लाख प्रती विकल्या गेल्याचं सांगितलं जातं. अमेरिकेत तर या लाटेवर स्वार व्हायला दोन सिनेमे निघाले आणि दोन्ही एकाच दिवशी, १६ मार्च १९९० रोजी प्रदर्शित झाले.

आपल्याकडे जून १९९० मध्ये राजकुमार संतोषींचा ‘घायल’ आला. त्यातलं ‘सोचना क्या जो भी होगा देखा जायेगा’ हे गाणं ऐका, धून लगेच ओळखू येईल. श्रेयात संगीतकार म्हणून नाव आहे बप्पी लाहिरींचं. त्या काळात परदेशी धून उचलून हिंदी गाणं करणं ही नवी गोष्ट नव्हती. बोलिव्हियात बसलेल्या माणसाला मुंबईतलं गाणं ऐकू येणार तरी कसं? गंमत म्हणजे या वेळी चोरीच्या मालाचीच पुन्हा चोरी झाली होती.

मग मूळ मालकांनी काय केलं?

कल्पना करा. तुम्ही रचलेलं गाणं जगभर वाजतंय. विमानतळावर, हॉटेलात, टीव्हीवर. आणि त्याखाली नाव आहे भलत्याच माणसाचं, जो अस्तित्वातच नाही.

एरमोसा बंधूंच्या बाजूने एक गोष्ट भक्कम होती. त्यांचं गाणं १९८१ सालीच रेकॉर्ड होऊन बाजारात आलं होतं. काओमाच्या तब्बल आठ वर्षं आधी. शिवाय पेरू आणि ब्राझीलमधल्या आवृत्त्याही होत्या. ‘ही तर जुनी लोकधून आहे, कुणाचीच नाही’ असं म्हणून सुटायची सोय उरली नव्हती.

प्रकरण कायद्याच्या वाटेने गेलं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिटलं. गोन्सालो आणि उलिसेस एरमोसा हेच मूळ रचनाकार आहेत हे मान्य झालं आणि त्यांना त्यांचा मोबदला मिळाला. दुर्दैवाने उलिसेस यांना हा आनंद फार काळ उपभोगता आला नाही. १९९२ साली कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी बोलिव्हियाने नवा कॉपीराइट कायदा केला. त्याआधी त्या देशात थेट १९०९ सालचा कायदा होता.

आता पुन्हा ‘ऑन द फ्लोअर’कडे या. त्या गाण्याच्या रचनाकारांची यादी बघा. त्यात गोन्सालो एरमोसा आणि उलिसेस एरमोसा ही दोन्ही नावं आहेत. २०११ साली जेनिफर लोपेझच्या चमूने ती धून वापरली ती नाव देऊन. १९८९ आणि २०११ मधला हा फरक त्या लढाईमुळे पडला.

कव्हर आणि चोरी यांत फरक काय?

रील्स आणि यूट्यूबवर रोज शेकडो कव्हर गाणी येतात. मग काओमाने वेगळं काय केलं?

हे समजून घ्यायला एक लक्षात ठेवा. प्रत्येक गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात.

पहिली, गाण्याचे शब्द. ते गीतकाराचे.

दुसरी, गाण्याची चाल. ती संगीतकाराची.

तिसरी, प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. ते सहसा ते तयार करणाऱ्या कंपनीचं.

तुम्ही एखादं गाणं स्वतःच्या आवाजात नव्याने गाता तेव्हा रेकॉर्डिंग तुमचं असतं, पण शब्द आणि चाल दुसऱ्याचीच राहते. त्याला म्हणतात कव्हर. त्यासाठी मूळ मालकांची परवानगी किंवा त्यांचं मानधन आणि त्यांचं नाव, हे द्यावंच लागतं. तुम्ही गाण्याचं भाषांतर केलंत तर ते रूपांतर झालं आणि त्याला वेगळी परवानगी लागते. मार्सिया फेरेराने ती घेतली होती.

काओमाच्या बाबतीत मूळ रचनाकाराला न विचारता, त्याचं नाव पुसून दुसरं नाव लिहिलं गेलं. वाजवणाऱ्यांनी छान वाजवलं, गाणारीने छान गायलं, यात शंका नाही. पण नाव पुसलं की कव्हर राहत नाही, ती उचलेगिरी होते.

भारतात यासाठी कायदा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ३१सी आलं. त्यानुसार मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं, ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षं उलटल्याशिवाय या कलमाखाली कव्हर काढता येत नाही. आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची आणि तीही दर वर्षी किमान ५० हजार प्रतींच्या हिशेबाने. गाण्यात मनमानी बदल करायचे नाहीत आणि हे मूळ रेकॉर्डिंग नाही, कव्हर आहे, हे स्पष्ट दिसलं पाहिजे. याआधी ही मुदत दोन वर्षांची होती. ज्यांनी ‘व्हर्जन’ कॅसेटचा जमाना पाहिलाय त्यांना आठवत असेल, जुनी गाणी नव्या आवाजात स्वस्तात मिळायची. त्यामागे हीच तरतूद होती.

गरुड, पत्र आणि आणखी एक गोंधळ

अँडीजच्या संगीताबाबत असं घडण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९७० साली सायमन अँड गारफंकल या अमेरिकन जोडीने ‘एल कोंडोर पासा’ हे गाणं जगभर गाजवलं. पॉल सायमनने ही धून पॅरिसमध्ये एका वाद्यवृंदाकडून ऐकली होती आणि ती जुनी लोकधून आहे असा त्याचा समज झाला होता. प्रत्यक्षात ती पेरूचे संगीतकार दानिएल आलोमिया रोब्लेस यांनी १९१३ साली एका संगीतनाटकासाठी रचली होती. त्यांच्या मुलाने दावा केला, प्रकरण सामोपचाराने मिटलं आणि नाव दिलं गेलं. हा खराखुरा गैरसमज होता, असं मुलानेही मानलं.

१९७३ साली बोलिव्हिया सरकारने युनेस्कोला पत्र लिहिलं. लोकसंगीताला कायद्याचं संरक्षण नाही, त्यामुळे कुणीही येऊन ते घेऊन जातो, असं त्यात गाऱ्हाणं होतं. या पत्राचा उल्लेख पुढे जगभरच्या सांस्कृतिक वारशाच्या चर्चेत होत राहिला. या गोष्टीतही एक मेख आहे. तेव्हा बोलिव्हियात लष्करी हुकूमशाही होती आणि जे मूळ निवासी ही लोकगाणी गातात त्यांना सरकारदरबारी फारशी किंमत नव्हती.

‘योरांदो से फुए’लाही असाच एक पदर आहे. त्याच्या ठेक्याला ‘साया’ म्हटलं जातं. पण बोलिव्हियातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचं म्हणणं वेगळं आहे. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या मते साया हे त्यांचं ढोलांच्या साथीने गायचं संगीत आहे आणि शहरातले लोक ज्याला साया म्हणतात तो त्यापासून स्फुरलेला ‘कापोराल’ नावाचा निराळाच प्रकार आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आपल्या सायाच्या ओळखीसाठी चळवळ उभी केली.

म्हणजे ज्यांचं गाणं चोरलं गेलं, त्यांनाही “हा ठेका कुणाचा?” हा प्रश्न चुकला नाही. कायदा गोन्सालो आणि उलिसेसला न्याय देऊ शकला, कारण त्यांना नाव होतं आणि रेकॉर्डिंगची तारीख होती. एका अख्ख्या समाजाच्या ठेक्याला मात्र ना तारीख असते, ना सही. आपल्याकडेही कॅसेटवर आणि आता व्हिडिओखाली ‘पारंपरिक’ एवढाच शब्द लिहून विषय संपवला जातो, तेव्हा हाच प्रश्न असतो.

आणि ती गायिका?

लोआल्वा ब्राझला यात खलनायिका करायचं कारण नाही. हक्कांची नोंद तिने केली नव्हती. तिने गायलेल्या गाण्यामुळे ब्राझीलबाहेरच्या कोट्यवधी लोकांनी पहिल्यांदा पोर्तुगीज गाणं गुणगुणलं. तिचा शेवट मात्र सुन्न करणारा झाला. जानेवारी २०१७ मध्ये रिओजवळच्या साक्वारेमा इथे तिची हत्या झाली. तेव्हा ती ६३ वर्षांची होती. जगभरच्या बातम्यांत तिची ओळख एकाच शब्दात दिली गेली, लाम्बाडा.

यातून आपण काय घ्यायचं?

तुम्ही गात असाल, रील करत असाल किंवा नुसतं शेअर करत असाल, तरी तीन साध्या गोष्टी करता येतील.

कव्हर टाकताना मूळ गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावं लिहा. मात्र नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, हेही लक्षात ठेवा. ‘कॉपीराइटचा हेतू नाही’ असं खाली लिहिल्याने कायद्यात काहीही फरक पडत नाही.

स्वतःची चाल केली असेल तर ती रेकॉर्ड करून, तारखेसकट कुठेतरी जपून ठेवा. एरमोसा बंधूंच्या हाती १९८१चं रेकॉर्डिंग नसतं, तर चिको दे ओलिव्हेरा आजही जिवंत असता.

आणि एखादं गाणं फार आवडलं तर ते मूळ कुणाचं हे एकदा शोधा. पाच मिनिटं लागतात.

सुरुवात आजच करा. आधी ‘ऑन द फ्लोअर’ लावा, मग ‘घायल’, मग काओमा, मग पेरूचं अकॉर्डियन आणि शेवटी लोस कारकासचा तो संथ पावा. उलट्या क्रमाने ऐकत गेलात की ज्या धूनवर आपण इतकी वर्षं नाचलो, ती मुळात कुणीतरी रडत निघून गेल्याची गोष्ट होती, हे कानांनाच कळेल.